ईसीजी नॉर्मल आला, मग छातीत धडधड का होतेय?

"ईसीजी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" हे ऐकून घरी यायचं आणि दोन दिवसांनी परत छातीत फडफड सुरू, असं बऱ्याच जणांचं होतं. त्यात लुपस, शोग्रेन किंवा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससारखा ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो) आधीपासून असेल तर गुंता अजून वाढतो, कारण थकवा, दम लागणं, चक्कर येणं हे सगळंच मूळ आजाराच्या खात्यावर टाकून मोकळं होता येतं.

मुळात साधा ईसीजी म्हणजे जेमतेम दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग, त्या दहा सेकंदांत ठोके चुकले नाहीत तर त्यात दिसणार काय? म्हणून 24 ते 48 तासांचा होल्टर (अंगावर घालून फिरायचं छोटं ईसीजी यंत्र) लावतात, त्यातही सापडलं नाही तर छातीवर चिकटवायचा दोन आठवड्यांचा पॅच, आणि अगदीच क्वचित बेशुद्ध पडणाऱ्यांना त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर, जो काही वर्षं चालतो.

आता ऑटोइम्यूनचा यात संबंध काय? एक तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊन व्रण राहू शकतात आणि विजेचा सिग्नल तिथे अडतो किंवा गोल गोल फिरत बसतो. टूडी एको नॉर्मल असूनही हे व्रण कार्डियाक एमआरआयमध्ये सापडू शकतात. दुसरं कारण मला जास्त भारी वाटतं, ते म्हणजे अँटी-आरओ अँटीबॉडी. डोळे आणि तोंड कोरडं पडण्याच्या आजारात (म्हणजे शोग्रेनमध्ये) ही टेस्ट करतात, पण ही अँटीबॉडी हृदयाच्या पेशींवरच्या कॅल्शियम आणि पोटॅशियमच्या चॅनेलमध्येही लुडबूड करते. गरोदरपणात ती वारेतून बाळापर्यंत जाते आणि साधारण 18 ते 24 आठवड्यांच्या काळात शंभरातल्या एखाद-दोन बाळांना हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे 110 ते 160 असायला हवेत ते ठोके 60 च्या आसपास येतात. मोठ्या माणसांत हीच अँटीबॉडी ईसीजीतलं क्यूटी अंतर (एका ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, तो फार लांबला की ठोके बिघडू शकतात) लांबवू शकते, आणि गंमत बघा, लुपससाठी देतात ती हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची गोळीही तेच करू शकते, वर ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलं की अजून भर! (पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका, लुपस उसळू शकतो. डॉक्टरांना ईसीजी काढायला सांगा.)

टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी तर हमखास राहून जाते. ग्रेव्हज या ऑटोइम्यून आजारात थायरॉइडचं हार्मोन वाढून एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) होऊ शकतं. आणि उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके 30 किंवा जास्त वाढत असतील, बीपी मात्र पडत नसेल, तर पॉट्सचा (उभं राहिल्यावर ठोके जास्तच वाढण्याचा विकार) विचार करावा लागतो.

होल्टर लावला की लोक दिवसभर पडून राहतात, अहो मग सापडणार कसं? रोजची कामं करा, जिने चढा आणि वहीत वेळ लिहा, "4:20, जिना चढताना दोन मिनिटं फडफड, डोकं हलकं". रिपोर्ट बघणारा नेमकं 4:20 चं रेकॉर्डिंग उघडतो. तिथे ठोके सरळ दिसले तरी ते उत्तरच आहे, त्या वेळची फडफड रिदममुळे नव्हती हे नक्की होतं आणि शोध दुसरीकडे वळतो.