गर्भ, गाभ आणि भ्रूण : शब्दांमागची पार्श्वभूमी

कोकणात ‘गर्भ’ हा शब्द रोजच्या तोंडी फारसा नसतो, पण त्याचा गोतावळा घरादारात असतो. माशाच्या पोटातली गाभोळी, गोठ्यातली गाभण म्हैस, ग्रामदेवतेच्या देवळातला गाभारा हे सगळे त्याच घराण्यातले. गाभारा म्हणजे मुळात गर्भागार. ‘गाभण’ मात्र जनावरालाच म्हणायचे. लेकीसुनेला दिवस जातात, ती पोटुशी असते, दोन जिवांची असते.

हे ‘दोन जीव’ फार जुने. सुश्रुतसंहितेत गर्भाची वाढ महिन्यांनुसार सांगितली आहे. चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होते, म्हणून आई दोन हृदयांची, आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात, असे तिथे म्हटले आहे. आपले डोहाळे याच कल्पनेशी जोडलेले. आज सोनोग्राफीत ठोके सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात, तरी आईच्या जिवाला जपण्याचा तो आग्रह मला आजही मोलाचा वाटतो.

‘भ्रूण’ची वाट वेगळी. धर्मशास्त्रात भ्रूणहत्या हे घोर पातक. काही ठिकाणी तर भ्रूण म्हणजे विद्वान ब्राह्मण असाही अर्थ लावला गेला. पुढे वैद्यकाच्या मराठी परिभाषेने हा शब्द सुरुवातीच्या अवस्थेसाठी घेतला. गर्भलिंग निदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. केंद्राच्या कायद्यातल्या व्याख्यांनुसार फलनापासून ५६ दिवस भ्रूण आणि ५७व्या दिवसापासून जन्मापर्यंत गर्भ. सोनोग्राफीत लिंग ओळखता येते ते त्यानंतर काही आठवड्यांनी. म्हणजे ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा रूढ शब्द काटेकोर नाही. ‘गर्भलिंग निदान’ हा नेमका आहे. नेमका शब्दच वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

घरच्यांचा खरा गोंधळ होतो तो आठवड्यांच्या हिशेबात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि फलन साधारण दोन आठवड्यांनी होते. त्यामुळे भ्रूणाचे आठ आठवडे पुरे होतात, तेव्हा रिपोर्टवर १० आठवडे असतात. बाळ दोन आठवड्यांनी मोठे आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. आजीचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ तीस दिवसांच्या महिन्याने २७९ भरतात, डॉक्टरांचे २८०. म्हणून पाळी चुकली की आशाताईंना आधी शेवटच्या पाळीची तारीख सांगावी. प्रसूतीची अंदाजे तारीख आधी त्यावरून काढतात.