घाटात ओव्हरड्राइव्ह बंद का करायचं?

ओव्हरड्राइव्ह हे नाव फसवं आहे. ऐकून वाटतं, यात गाडी दुप्पट जोर लावत असणार. प्रत्यक्षात हा इंजिनाला आराम देणारा गिअर. त्याचं गुणोत्तर ०.७० धरलं, तर इंजिनाच्या ७ फेऱ्यांत चाकांकडे जाणारा शाफ्ट १० फेऱ्या घेतो. डिझेल वाचतं, आवाज कमी होतो. पण शाफ्टला मिळणारा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, ७० टक्क्यांवर येतो.

समजा, ऑटोमॅटिक पिकअपमागे ट्रेलर जोडून, त्यावर शिडाची बोट बांधून तुम्ही मुंबईहून पुण्याला निघालात. सगळं मिळून वजन तीन टन. पनवेलपर्यंतच्या सपाटीला गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये निवांत धावत असेल, तर धावू द्या. मागे लोड आहे म्हणून ओव्हरड्राइव्हला शिवायचंच नाही, हे मला उगाचचं सोवळं वाटतं.

खरी परीक्षा खोपोलीनंतर. रेल्वे बोरघाटात ३७ला १ (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर) असा चढ चढते, त्यासाठी कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लागतात. आपल्याला मागून ढकलणारं कोणी नाही. हाताशी फक्त खालचे गिअर. गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये दमते, खालच्या गिअरमध्ये येते, जरा वेग पकडला की पुन्हा वर जाते आणि पुन्हा दमते. या प्रत्येक बदलात गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्या क्षणभर घासतात.

त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची भर. त्याच्या आत इंजिनाकडची पाती तेल ढकलतात आणि ते तेल गिअरबॉक्सकडची पाती फिरवतं. सपाटीला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडून ठेवतो. चढावर जोर कमी पडला की तो सुटतो, आणि मग तेल नुसतं घुसळलं जातं. घुसळलेलं तेल तापतं, काळं पडतं, करपल्याचा वास मारतं. रबरी सील कडक होतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मोठा वैरी उष्णता, आणि मे महिन्यातल्या दुपारी बाहेरची हवाही फारशी मदत करत नाही.

म्हणून घाट लागण्याआधीच ओव्हरड्राइव्ह बंद करावा. जुन्या गाड्यांत त्याचं बटण गिअरच्या दांड्यावर असतं. दिवा लागला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद, हा उलटा कारभार लक्षात ठेवा! नव्या गाड्यांत टो मोड, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीची सोय, असेल तर तो लावा, नाहीतर हातानं गिअर खाली आणा. आठ-दहा गिअरच्या गाड्यांत वरचे दोन-तीन गिअर ओव्हरड्राइव्हचेच असतात, तेव्हा एकच गिअर उतरवून भागेलच असं नाही. त्याच वेगाला इंजिन १७५० ऐवजी २५०० फेऱ्यांवर जाईल, आवाज वाढेल. घाबरू नका. तेवढीच शक्ती आता कमी पिळात मिळते आणि तेलही कमी तापतं.

उतरताना तर याहून जपावं लागतं. तीन टन वजन ५०० मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यात ३० अंशांचं सुमारे ५० लिटर पाणी उकळीला येईल. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनाचा ब्रेक नावापुरताच लागतो, त्यामुळे यातली बरीचशी उष्णता ब्रेकच्या लायनरवर पडते. लायनर फार तापले की पेडल दाबूनही ब्रेक लागेनासा होतो. खालच्या गिअरमध्ये हा भार इंजिन उचलतं.

घाट न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणारे महाभाग आहेतच. गंमत म्हणजे आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं.