लहान मुलांतील पित्तनलिकेच्या खड्यांवरील एंडोस्कोपी उपचार

पित्तनलिकेत, म्हणजे यकृतातील पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, अडकलेला खडा पोट न उघडता, तोंडावाटे दुर्बीण घालून काढण्याच्या या पद्धतीला ईआरसीपी म्हणतात. दुर्बिणीतून नलिकेचे तोंड कापण्याचे तंत्र १९७४ मध्ये जर्मनी व जपानमध्ये पुढे आले.

लहान मुलांत खड्यांमागे बहुधा कारण सापडते: सिकल सेल, थॅलेसेमिया किंवा स्फेरोसायटोसिस यांसारखे तांबड्या रक्तपेशी फुटण्याचे आजार, अकाली जन्म, दीर्घकाळ शिरेतून दिलेले पोषण, पित्तनलिकेचा जन्मजात फुगवटा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनमुळे साचलेला गाळ हे प्रतिजैविक औषध थांबवल्यावर सहसा विरघळतो. तान्ह्या बाळाचा बारीक खडाही कधी आपोआप आतड्यात उतरतो. म्हणून ताप नसेल आणि कावीळ वाढत नसेल, तर दुर्बिणीची घाई न करता सोनोग्राफीने लक्ष ठेवणेच योग्य. नलिकेत जंतुसंसर्ग झाला असेल, तर मात्र थांबू नये. खड्याची खात्री आधी सोनोग्राफी किंवा एमआरसीपीने (पित्तनलिकेच्या एमआरआय तपासणीने) करावी. नुसत्या निदानासाठी ईआरसीपी करू नये.

खरी अडचण आकाराची. साधारण १० किलोच्या वरच्या मुलांत प्रौढांची दुर्बीण चालते. त्याहून लहान बाळांसाठी सुमारे ७.५ मिमी जाडीची दुर्बीण लागते. तिच्यातील मार्ग जेमतेम २ मिमीचा असल्याने नेहमीची बरीच उपकरणे त्यातून जातच नाहीत.

कावीळ लांबली असेल तर रक्त गोठण्याची तपासणी करून गरजेनुसार व्हिटॅमिन के देतात. पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालतात. दुर्बिणीच्या दाबाने ती नळी सरकू शकते, आणि आतड्यात हवा साठली की पोट फुगून श्वास अडतो. म्हणून हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरणे हिताचे. पित्तनलिकेत आधी तार सरकवतात, मग पातळ केलेले रंगद्रव्य सोडून एक्स-रे पाहतात. दाट रंगद्रव्यात बारीक खडा झाकला जातो, तर हवेचा बुडबुडा खड्यासारखाच दिसतो. नंतर नलिकेच्या तोंडाला विजेच्या तारेने छोटासा छेद देऊन फुग्याने किंवा जाळीने खडा ओढतात. मोठ्या खड्यासकट जाळी अडकली तर लहान दुर्बिणीतून खडा फोडण्याची सोय नसते. अशा वेळी जबरदस्ती न करता स्टेंट (पित्त वाहते ठेवणारी बारीक नळी) ठेवून नंतर पुन्हा प्रयत्न करतात किंवा शस्त्रक्रियेकडे वळतात.

सर्वात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे स्वादुपिंडाचा दाह. तार वारंवार स्वादुपिंडाच्या नलिकेत शिरली की धोका वाढतो. रक्तस्राव, आतड्याला छिद्र आणि जंतुसंसर्गही संभवतो. पोट दुखते हे तान्हे बाळ सांगू शकत नाही. सतत रडणे, उलट्या, ताठलेले पोट दिसताच रक्तातील लायपेज (स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य) तपासावे. पित्ताशयातही खडे असतील तर पुढे पित्ताशय काढण्याचा, आणि जन्मजात फुगवटा असेल तर त्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो.