पहिला शुक्रवार मराठीचा: नव्या वर्षाच्या चित्रपटांमागचं कॅलेंडर

जानेवारीच्या तोंडावर लागलेले मराठी चित्रपट जरा आठवून पाहा. 'नटरंग' १ जानेवारी २०१०, 'बालक-पालक' ४ जानेवारी २०१३, 'टाइमपास' ३ जानेवारी २०१४, 'नटसम्राट' १ जानेवारी २०१६, 'धुरळा' ३ जानेवारी २०२०. 'वेड'ने तर नवीन वर्ष उजाडायचीही वाट पाहिली नाही, ३० डिसेंबर २०२२ लाच पडदा गाठला. एका आठवड्यात इतकी गर्दी उगीच होत नाही. नव्या वर्षात काय बघायचं याच्या याद्या दर डिसेंबरला फिरतात, त्यात नटांची नावं ठळक आणि तारीख बारीक अक्षरात असते. मी ती बारीक अक्षरं आधी वाचतो. निर्मात्याचा स्वतःच्या चित्रपटावर किती भरवसा आहे आणि तो कोणाला टाळतोय, हे पोस्टरपेक्षा तारीख जास्त खरं सांगते.

या पहिल्या आठवड्याची गोष्ट गमतीची आहे, कारण तो मराठीला कोणी दिलेला नाही. तो हिंदीने टाकलेला आहे. वर्षाचा पहिला शुक्रवार अपशकुनी, असा हिंदीच्या धंद्यात जुना समज आहे. त्या दिवशी लागलेला चित्रपट पडतो म्हणे. समजामागचा हिशेब मात्र साधा आहे. हिंदीतले मोठे चित्रपट नाताळात येतात आणि पुढचा मोठा मुहूर्त थेट प्रजासत्ताक दिनाचा. नाताळच्या सुट्टीत लोकांचे पैसे खर्च झालेले, मोठा चित्रपट अजून पडद्यावर टिकून. मग मधल्या शुक्रवारी कोण उडी मारणार? मारली तर दुबळा चित्रपट मारणार, तो पडणार, आणि समज आणखी पक्का होणार.

पूर्वी शुक्रवारचंसुद्धा एवढं प्रस्थ नव्हतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी खुला झाला तो ३ मे १९१३ ला. तो शनिवार होता. 'आलम आरा' १४ मार्च १९३१, शनिवार. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२, शनिवार. 'संत तुकाराम' १२ डिसेंबर १९३६, तोही शनिवार. कॅलेंडर उलटून पाहताना हे लागोपाठचे शनिवार दिसले तेव्हा मलाच नवल वाटलं. १९६० च्या ५ ऑगस्टला 'मुघल-ए-आझम' लागला तो शुक्रवार होता, आणि पुढे शुक्रवार हाच नेम झाला.

त्या काळी वाराला फारसं महत्त्व नसण्याचं कारण उघड आहे. पहिल्या तीन दिवसांत फैसला होत नसे. 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रलमध्ये ५७ आठवडे चालला. 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे, म्हणजे अडीच वर्षं! अडीच वर्षं चालणाऱ्या चित्रपटाला कोणत्या शुक्रवारी लागला हे कोण विचारणार? शिवाय मराठी चित्रपटाला एक अशी तारीख नसेच. प्रिंट, म्हणजे चित्रपटाच्या रिळांच्या प्रती, काढायला पैसे लागत, म्हणून मोजक्याच निघत. त्या आधी मुंबई-पुण्यात फिरत, मग कोल्हापूर, सांगली, नाशिक, सोलापूर, मग तालुक्याची टॉकीज. गावात पिक्चर लागेपर्यंत त्यातली गाणी रेडिओवर पाठ झालेली असत.

आणि गावात तो टॉकीजमध्ये नव्हे, तंबूत लागे. आताच्या चर्चेत हा धागा कोणी धरत नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. टुरिंग टॉकीजवाले पावसाळ्यात तंबू गुंडाळून बसायचे आणि पीकपाणी हाती आलं की जत्रांच्या मागे निघायचे. त्या जत्रा बऱ्याचशा मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येतात: पुसेगावची सेवागिरी महाराजांची, पालीच्या खंडोबाची, शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवची, संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. हातात चार पैसे, अंगावर नवे कपडे, बैलगाडीतून किंवा एसटीने आलेलं अख्खं कुटुंब आणि रात्री तंबूत जमिनीवर बसून पिक्चर. शहरातल्या वितरकांनी जानेवारी शोधला त्याच्या कितीतरी आधी मराठी प्रेक्षक जानेवारीत चित्रपट बघत होता. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तो याच तंबूंवर आहे. तोवर तंबू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

शहरात मात्र भांडण तारखेचं नव्हतं, थिएटर मिळण्याचंच होतं. १९७१ मध्ये 'सोंगाड्या'साठी दादरचं कोहिनूर मिळेना, कारण ते हिंदी चित्रपटाला दिलं जात होतं. दादा कोंडके बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर गेले आणि 'सोंगाड्या' लागला. पुढे दादांचे रौप्यमहोत्सव ओळीने झाले, पण दरवेळी शिवसेनाप्रमुखांकडे जाऊन चित्रपट लावता येत नाही. सरकारने नियम केला की प्रत्येक चित्रपटगृहाने वर्षाला मराठी चित्रपटाचे किमान ११२ खेळ दाखवायचे. दिवसाला चार खेळ धरले तर हे बरोबर चार आठवडे होतात. ते चार आठवडे कोणते, हे मालकाच्या हाती. कोणते असणार ते सांगायला नको. भर पावसाळ्यातले, परीक्षांच्या दिवसांतले, नाहीतर सकाळचा खेळ. २०१५ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट बंधनकारक केला. त्यावर गदारोळ झाला आणि ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली.

तारखेला किंमत आली ती २००५ च्या आगेमागे. २००४ मध्ये 'श्वास' आला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मराठीकडे पाठ फिरवलेला मध्यमवर्ग पुन्हा तिकीटखिडकीवर दिसू लागला. त्याच सुमारास यूएफओ, क्यूबसारख्या कंपन्यांमुळे चित्रपट उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवरून थेट पडद्यावर जाऊ लागला. प्रिंटचा खर्च गेला. मुंबईतला चित्रपट त्याच दिवशी बार्शीत आणि परभणीत लागू शकत होता. फायदा मोठा झाला, पण त्याची किंमतही मोजावी लागली: सगळीकडे एकदम लागतो तो सगळीकडून एकदम उतरूही शकतो. शुक्रवार ते रविवार गल्ला जमला नाही तर सोमवारी खेळ कापले जातात. २००७ मध्ये झी टॉकीज वाहिनी सुरू झाली आणि चित्रपटाची जाहिरात महिनाभर घराघरांत वाजत राहील अशी सोय झाली. आता फक्त रिकामा शुक्रवार हवा होता.

तो जानेवारी २०१० मध्ये सापडला. त्या महिन्याइतका भरगच्च महिना मराठीत मला दुसरा आठवत नाही. २५ डिसेंबरला 'थ्री इडियट्स' लागलेला, दुसरा आठवडा, सगळीकडे 'ऑल इज वेल'. अशा वेळी १ जानेवारीला, बरोबर त्या अपशकुनी शुक्रवारी, रवी जाधव नावाच्या नवख्या दिग्दर्शकाचा 'नटरंग' लागला. मूळ कादंबरी आनंद यादवांची, संगीत अजय-अतुलचं. अतुल कुलकर्णींनी गुणा या नायकासाठी आधी पैलवानासारखं शरीर कमावलं आणि मग नाच्यासाठी ते उतरवलं. गाणी वरातीपासून गणपतीपर्यंत सगळीकडे पोचली. १५ तारखेला 'शिक्षणाच्या आयचा घो', नावावरूनच वाद झालेला. २२ तारखेला अवधूत गुप्तेंचा 'झेंडा', त्यातल्या एका पात्रावरून वाद. आणि २९ ला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', परेश मोकाशींचा, भारताकडून ऑस्करला पाठवलेला, फाळक्यांच्या त्याच पहिल्या चित्रपटाची गोष्ट सांगणारा. एक तमाशाचा, एक परीक्षेच्या ओझ्याचा, एक राजकारणाचा, एक इतिहासाचा. चारही वेगळ्या जातीचे, आणि चारही बोलले गेले.

ही वाट रवी जाधवांनी सोडली नाही. 'बालक-पालक' लागला तेव्हा आधीच्या 'दबंग २'ला दोन आठवडे झाले होते. 'टाइमपास'च्या आधी 'धूम ३'ला दोन आठवडे झाले होते. हे दोन आठवड्यांचं अंतर लक्षात घेण्यासारखं आहे: हिंदीची पहिली लाट ओसरलेली, पुढची अजून लांब आणि मल्टिप्लेक्सच्या पडद्यांवर जागा. २०१६ च्या 'नटसम्राट'नेही तेच केलं. 'दिलवाले' आणि 'बाजीराव मस्तानी' १८ डिसेंबरला एकमेकांसमोर लागून थकले होते. शिरवाडकरांचं १९७० चं नाटक, त्यात कधीकाळी श्रीराम लागूंनी उभे केलेले अप्पा बेलवलकर, आणि आता त्या जागी नाना पाटेकर. मुलं आई-वडिलांना आणि सासू-सासऱ्यांना घेऊन गेली, हे त्या चित्रपटाबाबत खरोखरच दिसलं. 'बालक-पालक'चे एक निर्माते रितेश देशमुख होते. दहा वर्षांनी स्वतः दिग्दर्शनाला उतरले तेव्हा 'वेड'साठी त्यांनी वर्षाअखेरचा शुक्रवार निवडला. आठवडाभर आधी लागलेला हिंदी 'सर्कस' पडला होता, त्यामुळे जागा आपोआप मोकळी झाली.

दरवेळी असं जमत नाही. २०१९ मध्ये पु. लं.च्या आयुष्यावरचा 'भाई: व्यक्ती की वल्ली' ४ जानेवारीला लागला, पण २८ डिसेंबरचा 'सिंबा' ओसरायला तयारच नव्हता आणि 'भाई'ला पुरेसे खेळ मिळत नसल्याची तक्रार झाली. त्याच्याही आधी, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करमणूक कर माफ असल्यामुळे मराठी तिकीट हिंदीपेक्षा स्वस्त पडायचं, ती सवलत संपली. तेव्हापासून रिकामा आठवडा हाच मराठीचा खरा आधार. तोही आता रिकामा राहिलेला नाही. ५ जानेवारी २०२४ ला 'पंचक', 'ओले आले' आणि 'सत्यशोधक' हे तीन मराठी चित्रपट एकाच दिवशी लागले. हिंदीने मोकळ्या सोडलेल्या जागेवर आपणच एकमेकांना कोपर मारतोय, अशी ही अवस्था.

उरलेल्या वर्षाचा हिशेब केला की ही गर्दी का होते ते कळतं. वर्षाला शंभराच्या आसपास मराठी चित्रपट आणि शुक्रवार ५२. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीचे. एप्रिल-मे सुट्टीचे खरे, पण २००८ पासून संध्याकाळी आयपीएल. त्यातही महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे धाडस करणारे असतात: 'टाइमपास २' १ मे २०१५, 'सैराट' २९ एप्रिल २०१६. आषाढीच्या दिवसांत 'लय भारी' (११ जुलै २०१४) लागला, त्यात विठ्ठलाचं गाणं होतं हे सांगायला नकोच. दिवाळीत हिंदीशी थेट कुस्ती. १२ नोव्हेंबर २०१५ ला 'कट्यार काळजात घुसली' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २' दोन्ही 'प्रेम रतन धन पायो'समोर उभे राहिले. 'कट्यार' टिकला, तो गाण्यांच्या आणि तोंडी कौतुकाच्या जोरावर. पण हे दरवर्षी घडत नाही.

म्हणून नव्या वर्षाच्या यादीतली तारीख पेन्सिलने लिहावी. 'जंगजौहर' नावाने जाहीर झालेला चित्रपट 'पावनखिंड' झाला आणि करोनाच्या लाटांमुळे ढकलत ढकलत १८ फेब्रुवारी २०२२ ला लागला. उशीर त्याला फळला, शिवजयंती दुसऱ्याच दिवशी होती. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा हिंदी 'छावा' ६ डिसेंबर २०२४ ला येणार होता. आदल्याच दिवशी 'पुष्पा २' येणार म्हटल्यावर तो १४ फेब्रुवारीवर गेला, आणि 'पुष्पा २' स्वतःच १५ ऑगस्टवरून हललेला. एकाने कूस बदलली की रांगेतल्या सगळ्यांना सरकावं लागतं. मराठी निर्माता रांगेच्या शेवटी उभा असतो, त्याला शेवटी कळतं.

हेमंत ढोमे यांचा 'फसक्लास दाभाडे' २४ जानेवारी २०२५ ला लागला, प्रजासत्ताक दिनाच्या धामधुमीत. पुढच्या खेपेला त्यांनी 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' थेट १ जानेवारी २०२६ ला आणला. तो गुरुवार होता. शुक्रवारची वाट न बघता सुट्टीचा पहिलाच दिवस धरला. १ जानेवारी शुक्रवारीच येण्याचा योग २०१० आणि २०१६ ला आला होता. २०२१ लाही आला, पण तेव्हा चित्रपटगृहात निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती आणि त्याही भरत नव्हत्या. तो योग पुन्हा २०२७ ला आहे.