दोरा, ताप आणि साठ साड्या

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या गावांत थंडीताप, म्हणजे मलेरिया, भरला की अजूनही कोणीतरी मंतरलेला दोरा मनगटाला बांधतं. दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो, पेज पितो. दोऱ्याचा गुण आला म्हणतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा दातावर दात आपटायला लागतात. मलेरियाचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत वाढून साधारण ४८ तासांनी ती फोडतो तेव्हा ताप चढतो. मधला दिवस मोकळा जाणारच, दोरा असो वा नसो.

मला खरं कुतूहल पुढचं आहे. अंगात प्रतिपिंडं (परजीवीला ओळखून त्याच्याशी लढणारी प्रथिनं) तयार होऊनही फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी महिनोनमहिने टिकतो कसा?

तो तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन आणून ठेवतो. त्यामुळे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि पाणथरीत गाळली जाण्यापासून वाचते. आपली प्रतिकारशक्ती नेमकं हेच प्रथिन ओळखते. पण त्याची जनुकं आहेत सुमारे ६०, आणि चालू असतं एका वेळी एकच. बाकीची बंद राहतात कशी?

बेळगावच्या वडगावात विणकराच्या घरी पाहा. साड्यांचे गठ्ठे दोरीनं आवळून भिंतीकडच्या फळीवर, आणि एकच साडी घडी मोडून गिऱ्हाईकापुढे. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. बंद ठेवायच्या जनुकांपाशी एच३ नावाच्या हिस्टोनच्या साखळीतल्या नवव्या दुव्यावर (लायसिनवर) तीन मिथाइल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, लागतात. ती खूण धरून एचपी१ हे प्रथिन तिथं बसतं, शेजारच्या एचपी१ला पकडतं आणि तो भाग केंद्रकाच्या कडेला घट्ट आवळला जातो. हीच ती दोरी. तिथली जनुकं वाचलीच जात नाहीत. क्वचित एखाद्या परजीवीत उघडं जनुक मिटतं, दुसरं सुटतं. प्रतिपिंडं जुन्या साडीवाल्यांना साफ करतात, नवी नेसलेले मोजके वाचतात आणि पुन्हा माजतात. डीएनएचं एक अक्षरही न बदलता! मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

याच दोरीखाली एपी२-जी नावाचं जनुकही बांधलेलं असतं. त्यापासून बनणारं प्रथिन डीएनएला चिकटून इतर जनुकं चालू करतं. त्याच्या घराण्याची नाती थेट वनस्पतींतल्या प्रथिनांशी जुळतात. थोड्या परजीवींत जीडीव्ही१ हे प्रथिन एचपी१ला तिथून उठवतं, एपी२-जी जागं होतं आणि परजीवी नर किंवा मादी रूप घेतो. डासाच्या पोटात पुढची पिढी घडवतात ती हीच रूपं. ताप त्यांच्यामुळे येत नाही, म्हणून बरं वाटणाऱ्या माणसाच्या रक्तातही ती फिरत राहतात. फाल्सिपेरमच्या रुग्णाला उपचाराच्या दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन या औषधाची एकच मात्रा देतात, ती यांच्यासाठी.