रेस कार तयार घ्यावी की रस्त्यावरची गाडी बदलावी? मुंबईत कागद अडतात ते इथे

कारखान्यातून रेससाठीच बनून आलेल्या गाडीला, समजा फॉर्म्युला एलजीबी 4 ला, आरसी नसते आणि नंबर प्लेटही नसते. त्यामुळे आरटीओचा संबंध येत नाही. मात्र ती सार्वजनिक रस्त्यावर दहा पावलंही चालवता येत नाही. मुंबईहून चेन्नईजवळच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर ती ट्रेलरवरूनच न्यावी लागते. विक्रीचं बिल, चॅसी नंबर आणि आधी रेसमध्ये उतरली असेल तर लॉगबुक (रेसमधल्या नोंदींची वही) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

खरी रखडपट्टी आहे ती रस्त्यावरची गाडी बदलण्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. तशी गाडी रस्त्यावर सापडली तर कलम 182-अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून रोल केज (चालकाला वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) वेल्ड करण्याआधी आरसी रद्द करण्याचा विषय मार्गी लावा. गाडी कायमची वापरायोग्य राहिली नाही की कलम 55 प्रमाणे मालकाने 14 दिवसांत कळवायचं असतं. हे 14 दिवस लोक रेसच्या तारखेपासून मोजतात आणि फसतात.

आरसी रद्द करण्याचे सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते कर्जाच्या नोंदीमुळे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने वडिलांची जुनी हॅचबॅक घेतली. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. कपाटातली एनओसी पिवळी पडलेली, तिची मुदत संपलेली, आणि ती शाखा तोवर दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. सही कोण करणार, यातच त्याचे चार महिने गेले. फॉर्म 35 (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा) आणि ताजी एनओसी आधी मिळवा, मगच गॅरेजला ॲडव्हान्स द्या. थकलेली ई-चलानंही त्याच आठवड्यात भरून टाका.

"स्क्रॅप सेंटरला द्या, सोपं पडेल," असं कुणी सुचवलं तर थांबा. तिथे गेलेली गाडी तोडली जाते, परत मिळत नाही. आरटीओने चॅसी नंबरचा तुकडा कापून आणायला सांगितलं, तर रेससाठी तोच नंबर लागणार असल्याचं अर्जातच लिहा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'चालेल' दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

विम्यावरही विसंबू नका, नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग वगळलेलं असतं.

चालकाचा रेसिंग परवाना एफएमएससीआयकडून, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाकडून, मिळतो, तो भाग सरळ आहे. सेकंडहँड रेसिंग सीटबेल्ट घेताना मात्र पट्ट्यावर शिवलेलं लेबल उलटून वाचा. त्यावर मुदत संपण्याचं वर्ष छापलेलं असतं, आणि तांत्रिक तपासणीत तेच पाहतात. तुम्ही पट्टा कधी विकत घेतला, हे तिथे कुणी विचारत नाही.