बार्बर, एलिझाबेथ वेलंड

(जन्म १९४०). अमेरिकन पुरातत्त्वज्ञ व भाषाशास्त्रज्ञ. प्रागैतिहासिक वस्त्रांच्या अभ्यासाला पुरातत्त्वात मानाची जागा मिळाली, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. जन्म कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे. आईला विणण्या-शिवण्याची आवड होती, त्यामुळे ताणा-बाणा (कापडाचे उभे-आडवे धागे) त्यांच्या हाताला लहानपणीच ओळखीचा झाला. ब्रिन मॉर महाविद्यालयातून पदवी (१९६२) आणि येल विद्यापीठातून भाषाशास्त्रात डॉक्टरेट (१९६८) मिळवल्यावर १९७० ते २००७ या काळात त्यांनी लॉस अँजेलिसच्या ऑक्सिडेंटल महाविद्यालयात अध्यापन केले. सुरुवातीचे काम न उलगडलेल्या प्राचीन लिप्यांवर होते.

वस्त्रांकडे त्या वळल्या त्या एका शंकेमुळे. कांस्ययुगीन ग्रीसमधील भांड्यांवरची आणि भित्तिचित्रांतली नक्षी त्यांना मागावर सहज उतरणारी वाटे. इतके गुंतागुंतीचे कापड त्या काळी विणले जात असेल, हे मात्र बरोबरीच्या अभ्यासकांना पटत नव्हते. दोन आठवडे माहिती जमवून दहा पानांचा लेख लिहायचा, असा त्यांचा बेत होता. त्या कामाला सतरा वर्षे लागली आणि लेखाऐवजी ‘प्रीहिस्टॉरिक टेक्स्टाइल्स’ (१९९१) हा जाडजूड ग्रंथ झाला.

कापड कुजते, ही या विषयाची मूळ अडचण. इजिप्तची कोरडी वाळू, ऑस्ट्रियातील हालश्टाट येथील मिठाची खाण, डेन्मार्कमधील ओकच्या शवपेट्या अशा मोजक्या ठिकाणीच ते टिकले. इतरत्र बार्बर यांनी आडवाटेने पुरावा गोळा केला. प्राचीन ग्रीसमध्ये उभ्या मागावरचा ताणा खाली मातीची वजने बांधून ताठ ठेवत. घराला आग लागली की माग जळून जाई, पण वजने ओळीने जमिनीवर पडत. त्या ओळीच्या लांबीवरून कापडाचा पन्हा कळतो. दुसरा पुरावा शब्दांचा. ग्रीक भाषेत विणकामाचे साधे, मूळ शब्द इंडो-युरोपीय कुळातले आहेत, तर प्रगत तंत्राचे बरेच शब्द परके आहेत. ‘खितोन’ हे वस्त्राचे नावच सेमिटिक (हिब्रू, अरबीच्या कुळातल्या) भाषांतून आलेले. म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या नवागतांनी ही कला आधीच तिथे असलेल्या लोकांकडून आणि शेजाऱ्यांकडून उचलली. भाषाशास्त्र आणि उत्खनन इतके जवळ आलेले क्वचितच दिसते.

तिसरी वाट हाताची. हालश्टाटच्या एका चौकड्यांच्या तुकड्याची प्रतिकृती त्यांनी स्वतः विणली. मूळ कापडात एका दिशेच्या पट्ट्यांत धागे मोजून घातलेले होते, दुसऱ्या दिशेच्या पट्ट्यांत ते कमीजास्त होते. विणता विणता त्यांच्या लक्षात आले की आपला ताणा आणि बाणा उलटा झाला आहे. ताणा आधी मोजून लावावा लागतो, बाणा मात्र विणकरीण नजरेच्या अंदाजाने भरते. नुसते छायाचित्र पाहून हे उमगले नसते.

‘विमेन्स वर्क’ (१९९४) या ग्रंथामुळे त्यांचे नाव सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले. सूतकताई आणि विणकाम बायकांकडेच का आले, याचे उत्तर देताना त्यांनी मानवशास्त्रज्ञ ज्युडिथ ब्राउन यांच्या १९७० मधील मांडणीचा आधार घेतला. हे काम घराजवळ, मूल सांभाळत होते, मध्येच टाकून पुन्हा धरता येते आणि त्यात लेकराला धोका नसतो. याच ग्रंथात दोऱ्यांच्या घागऱ्याचे प्रसिद्ध विवेचन आहे. फ्रान्समधील लेस्प्यूगच्या, वीस हजारांहून अधिक वर्षे जुन्या स्त्रीमूर्तीच्या अंगावर तो कोरलेला आहे. डेन्मार्कमध्ये १९२१ साली सापडलेल्या एग्टवेदच्या कांस्ययुगीन मुलीच्या अंगावर तो प्रत्यक्ष होता. त्याने लाज झाकत नाही की थंडी राखली जात नाही. तेव्हा तो स्त्रीच्या प्रजननक्षमतेची खूण असावा, असे त्या म्हणतात आणि बाल्कन प्रदेशातील लांब दशांच्या (सुट्या दोऱ्यांच्या झालरीच्या) लोकवस्त्रांत त्याचाच वारसा पाहतात. मधली हजारो वर्षे फार थोड्या दुव्यांवर तोललेली आहेत, हे खरे. तरी इतक्या दूरच्या गोष्टींना एकत्र पाहण्याची दृष्टी विलक्षण आहे.

१९९५ मध्ये त्यांनी पश्चिम चीनमधील उरुमची येथे तारिम खोऱ्यातील ममींची लोकरी वस्त्रे तपासली. त्याच भागातील हामी येथे सापडलेल्या चौकड्यांच्या ट्विलचे (तिरप्या विणीच्या कापडाचे) हालश्टाटच्या कापडाशी असलेले साम्य त्यांना जाणवले. पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात खोऱ्यातील सर्वांत जुने रहिवासी स्थानिक वंशाचेच निघाले. हामीचे कापड त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी विणलेले आहे, त्यामुळे ते विणणारे कुठले, हा प्रश्न या निष्कर्षाने सुटत नाही. मात्र विणीवरून वंश ठरवताना सावध राहायला हवे, हे त्यातून दिसते.

लोकनृत्य हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. १९७१ मध्ये त्यांनी महाविद्यालयात लोकनृत्याचा संच उभारला. ‘द डान्सिंग गॉडेसेस’ (२०१३) मध्ये पूर्व युरोपातील रुसाल्का आणि विला या नाचणाऱ्या पऱ्यांचा शोध आहे. मूल होण्याआधीच मेलेल्या मुलींचे हे आत्मे. त्यांची न वापरली गेलेली सुफलता नाचातून शेताला मिळावी, अशी लोकांची श्रद्धा होती. कीव्हच्या परिसरातील बाराव्या-तेराव्या शतकांतील, हातात घालायच्या रुंद कड्यांवर लांबलचक मोकळ्या बाह्यांच्या नर्तकी कोरलेल्या आहेत. बेडूक-राजकन्येच्या रशियन लोककथेतली राजकन्याही नाचताना बाह्या झटकते आणि समोर तळे उमटते, त्यावर हंस पोहू लागतात.